हा वास लसणाचा नाही

बाई,

तुम्ही गेल्यावर मी टोकरखाड्याच्या घरी भेटायला आले, तेव्हा बाहेरच्या खोलीत बरीच माणसं होती. लॅबमधले सगळे होते, कॉलनीतल्या बायका होत्या. नाशिकहून आलेल्या तुमच्या नणंद चहाचे कप गोळा करत होत्या. आजींनी, म्हणजे तुमच्या सासूबाईंनी, मला खुणेने आत बोलावलं, पलंगावर बसवलं आणि दार लोटून घेतलं. मला वाटलं, आता रडतील. पण त्या रडल्या नाहीत. माझं मनगट धरून म्हणाल्या, "मनीषा, तू दिवसभर तिच्याबरोबर असायचीस. मला खरं सांग. त्या वर्षी चातुर्मासात तिनं लसूण खाल्ला होता का?"

दाराबाहेर कोणीतरी हळू आवाजात तुमच्या हृदयविकाराबद्दल बोलत होतं. आणि आत आजी चार वर्षांपूर्वीचा लसूण शोधत होत्या.

"माझ्यानं विसरवत नाही," त्या म्हणाल्या. "त्या वर्षी मी देवाचा नैवेद्य तिच्या हातून काढून घेतला. परत दिलाच नाही. ती चुकली असेल, तर माझं बरोबर होतं. चुकली नसेल, तर माझ्या हातून काय घडलं ते मला कळायला नको?"

"रविवारी येते आजी. तेव्हा सांगते."

"रविवारीच ये. सोमवारी लेक मला नाशिकला नेणार आहे."

लगेच का नाही सांगितलं, असं तुम्ही विचारलं नसतं. दगडाचा नमुना हातात आल्या आल्या बोलायचं नाही, आधी घासायचा, मग बघायचा, मग पुन्हा बघायचा, हे तुमच्याकडूनच शिकले आहे.

हे मी आजींना विचारूनच लिहिते आहे, बाई. लिही म्हणाल्या.

तुमच्याकडे कामाला लागले त्या दिवशी मी तुम्हाला 'बाई' म्हणाले आणि लॅबमध्ये हशा पिकला. आमच्या मराठी शाळेत शिकवणाऱ्यांना बाई म्हणायचे. माझ्या तोंडाला तेच वळण होतं. अकाउंटवाला मला बाजूला घेऊन म्हणाला, "अरे, मॅडम बोलो. बाई तो झाडू-पोछेवाली को बोलते हैं." तुम्ही सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढता म्हणालात, "बोलू दे तिला. शिकवणारी समजून बोलावते आहे. इतक्या वर्षांत इथे मला कोणी तसं समजलं नव्हतं." त्यानंतर मी तुम्हाला दुसरं काही म्हटलंच नाही. आणि तुम्ही शिकवायला लागलात.

मी जिऑलॉजीची पदवी घेऊन आले होते खरी. आमच्या घरातली पहिली पदवी. वडील साक्री तालुक्यातून इथे सूत कारखान्यात आले, सामरवरणीला चाळीत खोली घेतली. माझी पदवी त्यांनी फ्रेम करून त्या खोलीत देवाच्या फोटोशेजारी लावली. पण त्या पदवीत मी खनिजांची नावं पाठ केली होती, खनिजं पाहिली नव्हती. धातूच्या शिरा कशा तयार होतात हे मी तुम्हाला पाठ म्हणून दाखवलं. तुम्ही शांतपणे ऐकलंत आणि विचारलंत, "तुमच्याकडे पाणी बोअरचं का?"

"हो."

"मग घरातली पातेली आतून पांढरी झाली असतील. सोमवारी तुला शीर दाखवते."

सोमवारी तुम्ही तुमच्या बाथरूममधला तुंबलेला गरम पाण्याचा पाइप घेऊन आलात. प्लंबरने कापून काढलेला. घासकामाच्या चक्रावर बसणारे रांधा गावचे रमणभाई तो हातात घेऊन उलटसुलट बघत म्हणाले, "मॅडम, आ तो पाइप छे. पत्थर नथी."

"आत दगडच आहे, रमणभाई. आडवा कापा आणि आरशासारखा करून द्या."

त्यांनी करून दिला. आतमध्ये गोल गोल थर होते. पांढरा, मग पिवळट, मग पुन्हा पांढरा, मध्ये एक बारीक तांबूस रेघ. आणि अगदी मध्यभागी रिकामी जागा, तिच्या कडेने बारीक चमकणारे दाणे. तुम्ही म्हणालात, "जमिनीखाली हेच होतं. खोलवरून गरम पाणी फटींतून वर येतं. येताना दगडांतून काय काय उचलून आणतं. वर आलं की दाब कमी होतो, पाणी उकळतं आणि मग त्याला ओझं पेलवत नाही. टाकून देतं फटीच्या भिंतींवर. थरावर थर. आधी गारगोटी, मध्येच कधीतरी चांदी, सोनं. फार खोल नाही, वरच्या वरच. आमच्या बाथरूमला सोनं लागलं नाही, एवढाच फरक."

तो पाइपचा तुकडा अजून तुमच्या टेबलावर आहे. कोणी हलवलेला नाही.

आपल्याकडे दगड यायचे ते लांबलांबच्या खाणींतून. कापडी पिशव्यांत, पिशवीवर नंबर. आपण त्यांचे तुकडे राळेत बसवायचे, कॅरमच्या स्ट्रायकरएवढी गोल वडी करायची, रमणभाई ती घासून घासून चकचकीत करायचे आणि मग भिंगाखाली आपण शोधायचं की सोनं कोणत्या रूपात लपलंय. तेव्हाच तुम्ही मला टेल्युरिअम दाखवलंत. जमिनीत सोन्याइतकंच विरळ असलेलं मूलद्रव्य. "सोनं माणूसघाणं असतं," तुम्ही म्हणालात. "सहसा कोणाशी संसार करत नाही. एकटंच राहतं. ह्याच्याशी मात्र जमतं त्याचं. आणि जमलं की सोन्याचा पिवळेपणा जातो. पांढरं दिसतं. म्हणून खाणीवर पूर्वी लोक ते फेकून द्यायचे."

आपलं भांडणही त्याच्यावरूनच झालं. आठवतं? गारगोटीच्या थरात एक पांढरा कण सापडला होता. मऊ होता, त्यावर बारीक ओरखडे होते, भिंगाखालचं टेबल फिरवलं की उजळायचा आणि काळवंडायचा. मला खात्री होती, सोनं आणि टेल्युरिअमच. मी अहवालात नाव लिहिलं. तुम्ही ते खोडलंत आणि लिहिलंत: पांढरा, मऊ कण, नाव निश्चित नाही.

"बाई, तुम्हालाही माहीत आहे हे काय आहे."

"माहीत आहे."

"मग लिहीत का नाही?"

"मला माहीत असणं वेगळं आणि मला दिसणं वेगळं. ह्या भिंगातून त्याचा रंग दिसतो, मऊपणा दिसतो. आत काय आहे ते दिसत नाही. जे दिसलं तेवढंच लिहायचं."

"आणि मग लोक म्हणतील, ह्यांना ओळखताच येत नाही."

"म्हणू देत. न विचारलेलं सांगायचं नाही आणि विचारलेलं चुकवायचं नाही. एवढं जमलं तरी पुष्कळ."

मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. तुम्हीही मनधरणी केली नाहीत, फक्त माझ्या टेबलावरचा पंखा माझ्याकडे वळवून ठेवत होतात. ते भांडण कधी मिटलंच नाही. मध्ये मध्ये मी म्हणायचे, "बाई, तो कण." आणि तुम्ही म्हणायचात, "अजून पांढराच आहे का?" परवा मी ती वडी पुन्हा काढून बघितली. माझं अजूनही तेच मत आहे. पण तुम्ही लिहिलेल्या ओळीत मी काही बदललेलं नाही.

आता डब्याचं.

नोकरीचं पहिलं वर्ष, श्रावण चालू होता. माझ्या डब्यात रोज ज्वारीची भाकरी आणि आईची लसणाची चटणी. पाट्यावर वाटलेली, वर कच्चं तेल. कँटीनमध्ये डबा उघडला की पोरं नाक धरायची. "आ गयी लसूणवाली, खिडकी खोलो!" मस्करीच होती, पण मला ती रोज सोसवत नव्हती. मी जिन्यात बसून जेवायला लागले. एके दिवशी तुम्ही आपला डबा घेऊन जिन्यात आलात आणि माझ्या खालच्या पायरीवर बसलात. काही विचारलं नाहीत. तुमच्या डब्यात पोळी आणि मुगाची पातळ आमटी होती. मी माझा डबा पुढे केला. तो मागे यावा असं वाटत नव्हतं, एवढंच आठवतं.

तुम्ही चटणीकडे क्षणभर बघितलंत. तेव्हा मला वाटलं, तिखटाला घाबरलात. मग तुम्ही भाकरीचा तुकडा मोडलात, चटणीला लावलात, खाल्लात. डोळ्यांत पाणी आलं तुमच्या, खोकलात. पाणी प्यायलात. आणि म्हणालात, "अजून एक तुकडा दे." दुसऱ्या दिवशी मला हाताला धरून कँटीनमध्ये नेलंत, शेजारी बसवलंत. त्यानंतर खिडकी उघडायला कोणी सांगितलं नाही.

आमच्या घरी श्रावणी सोमवार असतात, पण चार महिने कांदालसूण सोडायची रीत नाही. तुमच्याकडे आहे आणि ती किती कडक आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. कांदेनवमीला भरपूर भजी करून तुम्ही लॅबमध्ये वाटता आणि दुसऱ्या दिवसापासून कार्तिकापर्यंत तुमच्या घरात लसणाची पाकळी येत नाही, हे मला धुराच्या प्रकरणानंतर कळलं.

त्या डब्यानंतर थोड्याच दिवसांनी ते प्रकरण झालं. खाणीवरून दगडाऐवजी काळी पूड आली होती, दळून घुसळून त्यातला धातूचा भाग वेगळा काढलेली. टेल्युरिअम भरपूर होतं. आपण ती भट्टीत भाजायला ठेवली आणि धूर ओढणारा पंखा मध्येच बंद पडला. तुम्ही आधी मला बाहेर ढकललंत, मग भट्टी बंद केलीत, मग खिडक्या. पाचदहा मिनिटांचा खेळ. डोकं जरा जड झालं, बाकी काही नाही. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, काळजीचं कारण नाही, फक्त काही आठवडे अंगाला वास येईल.

कशाचा, ते त्यांनी सांगायची गरज पडली नाही. संध्याकाळपर्यंत आपल्या दोघींच्या श्वासाला लसणाचा वास यायला लागला. घामालासुद्धा. टेल्युरिअम शरीरात गेलं की असंच होतं, हे तुम्ही पुस्तकात वाचलेलं होतं. तुम्हाला त्याची गंमतच वाटली. "आता कळलं, सोन्याशिवाय ह्याच्याशी कोणी संसार का करत नाही," असं म्हणून किती हसलात!

आमच्या घरी तर चारपाच दिवस कोणाला पत्ताच लागला नाही. लसणाच्या घरात लसणाचा वास कोणाला येणार? शेवटी एकदा आई कपडे धुताना म्हणाली, "काय व, तुना घामले भी लसूनना वास ई ऱ्हायना." आणि पुन्हा कपडे आपटायला लागली. संपला विषय.

तुमच्या घरी पहिल्याच संध्याकाळी आग लागली. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला सगळं नकलेसकट सांगितलंत. आजी म्हणाल्या, "तोंड उघड बघू. हा कसला वास?" तुम्ही म्हणालात, "आई, हा वास लसणाचा नाही." "मग कशाचा?" "एका धातूचा." "धातूला लसणाचा वास येतो होय गं? उद्या म्हणशील पितळेला कांद्याचा येतो!"

"आमच्या घरात मी सध्या संशयित नमुना आहे," असं तुम्ही सगळ्यांना सांगत होतात. सगळे हसत होते. पण आठवड्याभराने तुम्ही हसणं बंद केलंत. वास जात नव्हता आणि आजींना वाटत होतं तुम्ही रोज खाताय, रोज खोटं बोलताय. त्यांनी आपला स्वयंपाक वेगळा सुरू केला. नैवेद्याचं ताट तुमच्या हातून घेतलं. तुमचे मिस्टर आधीच गेलेले. त्या घरात तुम्ही दोघीच. दोन माणसांच्या घरात दोन स्वयंपाक.

मी म्हटलं, "बाई, मी येऊन सांगते आजींना. माझ्याही अंगाला वास येतोय. त्यांना हुंगू दे मला."

"अजिबात यायचं नाही."

"पण का?"

"इतकी वर्षं एका घरात काढल्यावर माझा शब्द पुरत नसेल, तर तुझा कशाला हवा?"

तेव्हा मला तो तुमचा ताठा वाटला. त्याच बोलण्यात मला अचानक जिना आठवला. मी विचारलं, "बाई, पण मग त्या दिवशी माझ्या डब्यातली चटणी…"

"कोणत्या दिवशी?" तुम्ही म्हणालात. "मला नाही आठवत."

वर्षानुवर्षांपूर्वीच्या पिशवीचा नंबर आठवणाऱ्या तुम्ही. तुम्ही चुकीची नोंद केल्याचं मी पाहिलं ते तेवढं एकदाच, आणि ती माझ्यासमोर केलीत.

वास गेल्यावर, आधीसारखंच, मला पुन्हा रविवारी अभ्यासाला घरी बोलवायला लागलात. ते रविवार! तुमच्या जेवणाच्या टेबलावर इंग्रजी पुस्तक मध्ये ठेवायचं, एक परिच्छेद तुम्ही वाचायचा, एक मी. अडलेल्या शब्दावर तुम्ही बोट ठेवायचं नाही, मी ठेवीपर्यंत थांबायचं. एम.एस्सी.च्या प्रवेशाचा सगळा अभ्यास त्या टेबलावर झाला. आजी पोहे करायच्या, देवाचा प्रसाद हातावर ठेवायच्या, "नीट खा गं, वाळकी आहेस," म्हणायच्या. फ्रीजमधून पाणी घे, ओट्यावरचा डबा काढ, असं हक्काने सांगायच्या. आमच्या चाळीत अभ्यासाला टेबल नव्हतं. त्या टेबलाची मला किती गरज होती, ते मी तुम्हाला कधी म्हटलं नाही. तुम्हीही विचारलं नाहीत.

त्या पहिल्या दिवशी आजींकडून निघाले तेव्हा तुमच्या नणंद जिन्यापर्यंत आल्या. दार ओढून घेऊन म्हणाल्या, "आईनं तुला काय विचारलं ते मला माहीत आहे. मलाही रोज विचारते. हे बघ, तू सांगून टाक, खाल्ला होता म्हणून."

"पण तो वास…"

"वासाचं मला वहिनीनं तेव्हाच सांगितलं होतं. माझा विश्वास आहे. पण आता गेलेल्या माणसाला काय लागणार आहे? आईनं उगाच सुनेला छळलं असं डोक्यात घेऊन बसली तर तिचे दिवस कसे जायचे? एक 'हो' म्हण. शांत होईल."

वाईट मनाने बोलत नव्हत्या. आईसाठीच बोलत होत्या. पण सामरवरणीच्या रिक्षात बसल्यावर मी दोन्ही उत्तरं मनात म्हणून बघितली. 'नाही' म्हटलं तर आजींनी तुमच्यावर अन्याय केला असं होतं, आणि जिन्यातला तो तुकडा लपवावा लागतो. 'हो' म्हटलं तर तुम्ही त्यांच्या लेखी कायमच्या खोट्या ठरता, आणि तुम्ही खोटं बोलला नव्हतात. आठवडाभर मी हेच घोळवत होते. भिंगाखाली वडी असायची आणि मला दिसायचा तुमचा चटणीकडे बघतानाचा चेहरा.

शुक्रवारी दुपारी तुमच्या टेबलावरचा तो पाइप पुसत होते, तेव्हा तुमचं वाक्य पुन्हा मनात म्हणून बघितलं. हा वास लसणाचा नाही. तुम्ही त्यापुढे काही बोलला नव्हतात. 'मी लसूण खाल्ला नाही' असं तुम्ही आजींना कधीच म्हटलं नव्हतं. ना पहिल्या दिवशी, ना नंतर. नकलेतसुद्धा नाही. तुम्ही घरातही अहवालच दिला होता, दिसलं तेवढाच. पुढचं का दिलं नाहीत? दिलं असतं तर आजींनी विचारलं असतं, कोणाच्या डब्यातला? आणि तुम्ही विचारलेलं चुकवलं नसतं. मग माझं नाव आलं असतं. मग त्या ओट्याला मला हात लावू दिला नसता. ते टेबल, ते पोहे, ते रविवार, सगळं संपलं असतं. मला 'येऊ नकोस' म्हणालात तो ताठा नव्हता, बाई. तुम्ही वेगळा स्वयंपाक सोसलात, नैवेद्याचं ताट सोडलंत आणि माझे रविवार सांभाळलेत. मला आठवतच नाही म्हणालात, तेही त्यासाठीच. मी तिथेच खुर्चीत बसून रडले. रमणभाईंनी चक्र बंद केलं, पाण्याचा ग्लास आणून ठेवला आणि पुन्हा चक्र सुरू केलं.

रविवारी गेले. घरात बांधाबांध चालली होती. तुमच्या नणंद माझ्याकडे बघून मान हलवत होत्या, सांग, सांग. आजी तुमच्या जेवणाच्या टेबलाशी बसल्या होत्या, माझ्या नेहमीच्या खुर्चीत. मी तुमच्या खुर्चीत बसले.

"आजी, तो वास लसणाचा नव्हता. माझ्याही अंगाला येत होता. आम्ही दोघी एकाच धुरात होतो."

"ते ती म्हणालीच होती. मी ते विचारत नाही," आजी म्हणाल्या. "खाल्ला होता का?"

"हो."

तुमच्या नणंदेने सुटकेचा श्वास सोडला. पण आजींनी माझ्यावरची नजर काढली नाही.

"एकदाच," मी म्हटलं. "धुराच्या आधी. माझ्या डब्यातला. मी जिन्यात एकटी जेवत होते. पोरं मला चिडवायची. त्या येऊन बसल्या, मी डबा पुढे केला. तुमच्या घरची रीत मला माहीत नव्हती."

"आणि तिला?"

"त्यांना माहीत होती."

आजींनी टेबलाच्या काचेवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "मग मी विचारलं तेव्हा सांगितलं का नाही?"

"तुम्ही काय विचारलं होतं, आजी?"

त्या आठवत राहिल्या. त्यांचे ओठ हलत होते. "हा कसला वास, विचारलं."

"त्याचं त्यांनी खरं उत्तर दिलं."

"दिलं," आजी म्हणाल्या. "दुसरा प्रश्न मी विचारलाच नाही. धातूला वास येतो म्हणाली, त्याचाच राग धरून बसले." मग माझ्याकडे बघून एकदम म्हणाल्या, "तुझं नाव आलं असतं."

मी मान डोलावली.

"आलं असतं तर मी तुला ह्या घरात येऊ दिलं नसतं. ओळखून होती मला." आणि मग त्या रडल्या, बाई. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा, असं तुमच्या नणंद नंतर म्हणाल्या. त्या माझ्यावर जरा रागावल्या आहेत. रागावू देत. मी खुर्चीतून उठून आजींच्या शेजारी गेले. त्या मला धरून रडल्या आणि मधेच थांबून, नाक पुसत, भलतंच विचारायला लागल्या.

"कशाबरोबर खाल्लान?"

"ज्वारीच्या भाकरीबरोबर."

"आवडलं तिला?"

"अजून एक तुकडा मागून घेतला."

"माहेरी खायची ती. मुलगी बघायला गेलो तेव्हा त्यांच्या घरात तोच घमघमाट होता. इथं माझ्यामुळे सोडलान चारचार महिने. एकदाही कुरकुरली नाही." त्यांनी डोळे पुसले. उठून स्वयंपाकघरात गेल्या. बांधलेल्या खोक्यांतलं एक खोकं पुन्हा सोडायला लावलं, त्यातून एक लहानशी स्टीलची वाटी काढली. त्या वाटीवर तुमचं नाव कोरलेलं आहे, लग्नातली असावी. ती माझ्या हातात दिली.

"सोमवारचं जाणं पुढं ढकललं," लेकीकडे न बघताच त्या म्हणाल्या. "मासिक श्राद्ध इथंच करायचं. ब्राह्मणाच्या स्वयंपाकात लसूण चालत नाही, ते तसंच होईल. पण तो उरकला की एक वेगळं पान मांडायचंय, तिचं. नैवेद्य मीच वाढीन. तुझ्या आईला सांग, ह्या वाटीभर चटणी वाटून दे म्हणावं."

मी वाटी घेऊन दारापर्यंत आले, तर मागून हाक आली.

"आणि तिखट बेतानं घालायला सांग. तिला खोकला येतो."

बाई, उद्या तुमचा महिना. आमच्या खोलीबाहेर आईने पाटा धुऊन ठेवला आहे. लसणाच्या पाकळ्या सोलून तुमच्या वाटीत मोजमापाला भरून बघितल्या आहेत. मी इथे दारात बसून हे लिहिते आहे आणि ती मिरच्या हातात घेऊन विचारते आहे, "कितली टाकू व?"

मी सांगितलं, दोनच टाक. खोकला येतो त्यांना.